पानावरचे सगळे टेक्स्ट नोड कसे गाठायचे? (इंग्रजी आकडे देवनागरीत दाखवायचे आहेत)

तिरकी_मात्रा

मजकूर देवनागरीत आणि आकडे मात्र इंग्रजी, ही खिचडी डोळ्यांना फार खुपते. निदान वाचताना तरी आकडे देवनागरी दिसावेत म्हणून टॅम्परमंकीत (उघडलेल्या पानावर आपली स्क्रिप्ट चालवणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन) टाकण्यासाठी एक छोटी यूजरस्क्रिप्ट लिहितोय. अंक बदलणं सोपं आहे. इंग्रजी शून्याचा युनिकोड क्रमांक ४८, देवनागरी शून्याचा २४०६, म्हणजे प्रत्येक अंकाच्या क्रमांकात २३५८ मिळवले की काम झालं.

घोडं पुढे अडलंय. डॉक्युमेंट.बॉडी.इनरएचटीएमएल वर रिप्लेस चालवलं तर आकडे बदलतात, पण पान पार विस्कटतं. मथळे साध्या मजकुरासारखे दिसतात, तक्त्याचे रकाने सरकतात, बटणं दाबली तरी काही होत नाही. मग क्वेरीसिलेक्टरऑलला तारा देऊन सगळे एलिमेंट घेतले आणि एकेकाचं टेक्स्टकंटेंट बदललं, तर लिंका आणि चित्रंच गायब झाली.

मला फक्त मजकूर हवाय. पानावरचे सगळे टेक्स्ट नोड, म्हणजे टॅगांमधल्या मजकुराचे तुकडे, मिळावेत, एकही सुटू नये आणि नको तो एकही हाती लागू नये. हे करायची खात्रीची पद्धत कोणती?

सातवा_कंस

पान का विस्कटतं ते आधी पाहू, म्हणजे पुढचं आपोआप सुचेल.

इनरएचटीएमएल म्हणजे ब्राउझरने पानाचं अख्खं झाड (डॉम, म्हणजे एकात एक बसवलेल्या नोडांची रचना) सपाट करून दिलेली एक लांबलचक स्ट्रिंग. तिच्यात टॅग कुठला आणि मजकूर कुठला हा भेदच राहत नाही. दुसऱ्या पातळीचा मथळा घ्या. त्याच्या टॅगचं नाव म्हणजे एच आणि इंग्रजी दोन. तुमच्या रिप्लेसने त्या दोनाचाही देवनागरी २ केला. टॅगचं नाव रोमन अक्षराने सुरू झालं की पुढचं पार्सर खपवून घेतो, त्यामुळे कन्सोलवर चूक दिसत नाही. तो मुकाट्याने ‘एच२’ नावाचा अनोळखी एलिमेंट बनवतो. त्याला ठळक अक्षर नाही, स्वतंत्र ओळ नाही, वरखाली मोकळी जागा नाही. मथळा परिच्छेदात विरघळतो तो असा.

तक्त्याचंही तेच. कोलस्पॅनची (एका खान्याने किती रकाने व्यापायचे ते) किंमत देवनागरी २ झाली की ब्राउझरला ती संख्या म्हणून वाचता येत नाही, तो १ धरतो आणि पुढचे रकाने डावीकडे सरकतात. लिंकमधला आयडी, क्लासच्या नावातला आकडा, चित्राची रुंदी, सगळ्यांची हीच गत.

बटणांचं कारण वेगळं आहे. इनरएचटीएमएलला नवी स्ट्रिंग दिली की जुने एलिमेंट फेकले जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. अ‍ॅडइव्हेंटलिसनरने बसवलेले लिसनर (बटण दाबल्यावर चालणारी फंक्शनं) जुन्यांबरोबरच जातात. फॉर्ममध्ये कुणी अर्धवट भरलेलं असेल तर तेही जातं.

तेव्हा स्ट्रिंगकडे जाऊच नका, झाडावर चढा. प्रत्येक नोडला नोडटाइप असतो: एलिमेंट १, टेक्स्ट ३, कमेंट ८, डॉक्युमेंट ९. तुम्हाला ३ हवेत. क्वेरीसिलेक्टरऑल आणि चिल्ड्रन फक्त १ देतात, टेक्स्ट नोड त्यांच्या हाती कधीच लागत नाही. चाइल्डनोड्स सगळे प्रकार देतं.

पायरीपायरीने

मग सरळ रिकर्शन करा की. एक फंक्शन, त्याला नोड द्या. नोडटाइप ३ असेल तर यादीत टाका, १ असेल तर फर्स्टचाइल्डपासून नेक्स्टसिब्लिंग धरत प्रत्येक मुलावर तेच फंक्शन चालवा. सात-आठ ओळींत संपतं आणि काय चाललंय ते नजरेसमोर असतं.

रफार

त्यापेक्षा ब्राउझरमध्ये तयार असलेलं अवजार वापरा: ट्रीवॉकर. डॉमच्या दुसऱ्या पातळीचं ट्रॅव्हर्सल आणि रेंज हे स्पेसिफिकेशन नोव्हेंबर २००० मध्ये पक्कं झालं, तेव्हापासून तो आहे.

डॉक्युमेंट.क्रिएटट्रीवॉकरला तीन गोष्टी द्यायच्या: सुरुवातीचा नोड, कुठले प्रकार दाखवायचे ती संख्या, आणि हवा असेल तर गाळणारा फिल्टर. फक्त मजकूर हवा असेल तर दुसरी संख्या नोडफिल्टर.शो_टेक्स्ट, म्हणजे ४. मग व्हाइल लूपमध्ये नेक्स्टनोड() बोलवत राहायचं, नल आलं की थांबायचं. ट्रीवॉकरवर फॉर-ऑफ चालत नाही, तो इटरेबल नाही, म्हणून व्हाइलच.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. टेक्स्टचा नोडटाइप ३, पण शो_टेक्स्ट मात्र ४. हे बिट-मास्क आहेत: १ ला नोडटाइप वजा एक इतक्या घरांनी डावीकडे सरकवायचं. एलिमेंटचा १, टेक्स्टचा ४, कमेंटचा १२८. चुकून ३ लिहिलं तर तो १ आणि २ चा मेळ होतो आणि टेक्स्टऐवजी एलिमेंट हातात येतात. म्हणून आकडा न लिहिता नावच लिहावं हे उत्तम.

उकार_दीर्घ

एक्सपाथला (झाडातले नोड पाथ लिहून शोधायची भाषा) विसरलात. डॉक्युमेंट.इव्हॅल्युएटला दोन तिरप्या रेघा आणि टेक्स्ट() हा पाथ द्या, निकालाचा प्रकार ७, म्हणजे ऑर्डर्ड_नोड_स्नॅपशॉट_टाइप. मग शून्यापासून स्नॅपशॉटलेंग्थपर्यंत स्नॅपशॉटआयटम(क्रमांक) घेत जा. मोठा फायदा असा की गाळण पाथमध्येच लिहिता येते. टेक्स्ट() च्या पुढे चौकटी कंसात नॉर्मलाइझ-स्पेस() टाकलं की नुसत्या मोकळ्या जागेचे नोड आपोआप वगळले जातात. नॉट(पेरेंट::स्क्रिप्ट) जोडलं की स्क्रिप्टही गेली.

प्रकार ५, म्हणजे इटरेटर, मात्र घेऊ नका. मध्ये डॉक्युमेंट बदललं की तो इनव्हॅलिडस्टेटएरर देतो, आणि तुम्ही तर बदलणारच आहात.

सातवा_कंस

@उकार_दीर्घ, एक्सपाथ छान आहे, पण दोन ठेचा सांगून ठेवतो.

पहिली म्हणजे, दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा पाथ नेहमी डॉक्युमेंटच्या मुळापासून शोधतो. संदर्भ म्हणून एखादा डिव्ह दिला तरी अख्खं पान येतं. त्या डिव्हमधलंच हवं असेल तर आधी टिंब द्यायलाच हवं.

दुसरी म्हणजे, नॉर्मलाइझ-स्पेसला मोकळी जागा म्हणून चारच चिन्हं ठाऊक आहेत: स्पेस, टॅब आणि ओळ बदलणारी दोन. न तुटणारी स्पेस, म्हणजे एनबीएसपी, ते मजकूर समजतं. जावास्क्रिप्टचं ट्रिम एनबीएसपीही काढतं. एकाच पानावर दोन पद्धतींनी मोजलेले नोड जुळत नसतील तर बहुधा कारण हेच.

पायरीपायरीने

तिरकी_मात्रांच्या कामात मोकळ्या जागेची चिंता कशाला? नोडमध्ये इंग्रजी अंक आहे की नाही एवढंच पाहायचं. रिकामे नोड त्यात आपसूक गळतात.

सातवा_कंस

बरोबर, त्यांच्यापुरतं ते पुरे आहे. शब्द मोजणाऱ्यांना किंवा मजकूर उपसून काढणाऱ्यांना मात्र लागेल.

तिरकी_मात्रा

सगळ्यांचे आभार. रफार यांच्या पद्धतीने केलं, मथळे आणि तक्ते शाबूत आहेत! पण मोजले तर नोड भलतेच जास्त निघाले. त्यात स्क्रिप्ट आणि स्टाइलच्या आतलंही आलंय. फिल्टर देऊन पाहिला, स्क्रिप्ट असेल तर फिल्टर_रिजेक्ट परत करा असं लिहिलं, तरी ते येतंच आहे.

रफार

कारण तुमच्या फिल्टरपर्यंत स्क्रिप्टचा एलिमेंट पोहोचतच नाही. दुसरी संख्या फक्त ४ आहे, म्हणजे ट्रीवॉकर एलिमेंटबद्दल फिल्टरला विचारत नाही, सरळ आत शिरतो आणि आतला टेक्स्ट नोड तुमच्यापुढे ठेवतो. त्या नोडचं नाव ‘स्क्रिप्ट’ नसतंच.

दोन उपाय. एक, फिल्टरमध्ये पेरेंटएलिमेंटचं नाव तपासा. दुसरा जास्त नीटस: संख्या १ अधिक ४, म्हणजे ५ द्या. फिल्टरमध्ये तीन फाटे करा. टेक्स्ट असेल आणि त्यात अंक असेल तर अ‍ॅक्सेप्ट (१). नको असलेला एलिमेंट असेल तर रिजेक्ट (२), म्हणजे त्याची अख्खी फांदीच टळते. बाकी सगळ्यांना स्किप (३), म्हणजे हा नको पण याच्या आतले चालतील.

नोडइटरेटर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे रिजेक्ट आणि स्किप यांत फरक नाही. फांदी तोडायची सोय फक्त ट्रीवॉकरमध्ये आहे.

नाव तपासताना नोडनेम न घेता लोकलनेम घ्या. एचटीएमएलमध्ये नोडनेम मोठ्या लिपीत येतं, पण एसव्हीजीच्या आत लहान लिपीत. चित्रातल्या एसव्हीजीत स्टाइल असेल तर मोठ्या लिपीतली तुलना तिला सोडून देते.

शेंडीफळ

नको त्या एलिमेंटांच्या यादीत काय काय घालायचं ते कुणी एकदा नीट सांगेल का? स्क्रिप्ट आणि स्टाइलवर भागणार नाही.

उकार_दीर्घ

माझी यादी, कारणांसकट.

स्क्रिप्ट, स्टाइल: उघड आहे. स्टाइलमधला मजकूर बदलला तर ब्राउझर तो सीएसएस पुन्हा वाचतो, आणि देवनागरी आकड्यांची मापं त्याला कळत नाहीत. पानाची मांडणी त्या क्षणी कोसळते.

नोस्क्रिप्ट: जावास्क्रिप्ट चालू असताना याच्या आतला सगळा भाग, टॅगांसकट, एकच टेक्स्ट नोड म्हणून येतो. दिसत तर काहीच नाही. वगळा.

टेक्स्टएरिया: आतला नोड म्हणजे त्याची मूळ किंमत. वापरणाऱ्याने अजून काही लिहिलं नसेल तर तुमचा बदल थेट खोक्यात दिसतो आणि फॉर्मबरोबर सर्व्हरकडेही जातो.

ऑप्शन: सगळ्यात लबाड हाच आहे. जन्मवर्षाची यादी असते ना, तिथे पुष्कळदा व्हॅल्यू अ‍ॅट्रिब्यूट लिहिलेलंच नसतं. ते नसलं की आतला मजकूर हीच किंमत. तुम्ही दाखवायला म्हणून १९८५ देवनागरीत केलं, आणि सर्व्हरकडे देवनागरी १९८५ गेलं. तिकडून ‘चुकीचं वर्ष’ असं उत्तर येतं आणि वापरणाऱ्याला कारण कळत नाही. हॅजअ‍ॅट्रिब्यूट तपासा, व्हॅल्यू असेल तरच हात लावा.

कोड, प्री, केबीडी, सॅम्प: इथे आकडे जसेच्या तसे हवेत, लोक ते उचलून टर्मिनलमध्ये चिकटवतात.

इझकंटेंटएडिटेबल खरं असेल तिथे: कुणी लिहीत असताना नोडव्हॅल्यू अख्खी बदलली की कर्सर नोडच्या सुरुवातीला उडी मारतो. तिथे बदल करायचाच असेल तर रिप्लेसडेटा(जागा, १, नवा अंक) असा एकेक अंक बदला. माझं मत विचाराल तर लिहिण्याच्या जागी जाऊच नका.

ट्रान्सलेट अ‍ॅट्रिब्यूटची किंमत ‘नो’ असेल तिथे: पान करणाऱ्याने स्वतःच सांगितलंय की इथला मजकूर बदलू नका.

पायरीपायरीने

आयकॉनही यादीत घ्या. मटेरियल आयकॉन्ससारख्या फॉण्टमध्ये चित्राचं नाव मजकूर म्हणून लिहिलेलं असतं आणि फॉण्ट त्या अक्षरांचा जोड करून चित्र दाखवतो. दहा सेकंद मागे जाण्याच्या बटणाचं नाव रिप्ले, खालची रेघ आणि इंग्रजी दहा. त्यातला दहा देवनागरी झाला की जोड जुळत नाही आणि बटणावर चित्राऐवजी ते नावच उमटतं. व्हिडिओच्या पानांवर हे हमखास होणार. मटेरियल-आयकॉन्स हा क्लास दिसला की रिजेक्ट करायचं.

शेंडीफळ

वा, ऑप्शन आणि आयकॉन दोन्ही डोक्यात आले नसते.

पण मुळावरच एक शंका. नोडच्या मागे धावायचंच कशाला? असा फॉण्ट घ्या ज्यात इंग्रजी अंकांच्या जागी देवनागरी आकृत्या आहेत. नसेल तर फॉण्टफोर्जमध्ये एखाद्या मुक्त फॉण्टच्या दहा आकृत्या हलवून करा. सीएसएसमध्ये अ‍ॅट-फॉण्टफेस लिहून युनिकोड-रेंज फक्त त्या दहा अंकांपुरती ठेवा. मजकूर आत इंग्रजीच राहतो, कॉपी केला तर इंग्रजी अंक मिळतात, फॉर्म बिघडत नाही, रिअ‍ॅक्टचं (ती पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) पानही मोडत नाही. एक ओळही जावास्क्रिप्ट नको.

रफार

कल्पना मनापासून आवडली, आणि कॉपीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पण तो फॉण्ट पानावर लावायचा कसा? फॉण्ट-फॅमिली मिळवता येत नाही, नवी लिहिली की जुनी जाते. सगळ्या एलिमेंटांवर तुमचा फॉण्ट पहिला लादला तर पानाचे स्वतःचे फॉण्ट गेले, आणि आयकॉनचे फॉण्टही गेले. पानाच्या फॉण्टच्या नावानेच आणखी एक अ‍ॅट-फॉण्टफेस लिहून आपली रेंज त्यात घालता येते, ब्राउझर दोन्ही एकत्र धरतो. पण त्यासाठी प्रत्येक साइटच्या फॉण्टचं नाव आधी ठाऊक हवं, आणि तो फॉण्ट पानानेच वेबवरून आणलेला हवा. संगणकातल्या फॉण्टच्या नावाने लिहिलंत तर मूळ फॉण्ट झाकला जातो. रोज वाचायच्या दोन-तीन ठरावीक साइटींसाठी तुमची पद्धत माझ्या पद्धतीपेक्षा सरस आहे. कुठल्याही पानासाठी मात्र नोडच धरावे लागतील.

शेंडीफळ

मान्य. मला दोन-तीनच साइटी हव्या आहेत, मी फॉण्टच करेन. ओएफएल या मुक्त फॉण्टांच्या परवान्यात नाव राखीव असेल तर बदललेल्या फॉण्टला वेगळं नाव द्यावं लागतं, तेवढं इतरांनीही सांभाळा.

सातवा_कंस

शेंडीफळ यांनी रिअ‍ॅक्टचा विषय काढलाच आहे तर सांगतो. टेक्स्ट नोड तिथेच ठेवून त्याची नोडव्हॅल्यू (किंवा डेटा, दोन्ही एकच) बदलली तर रिअ‍ॅक्ट सहसा तक्रार करत नाही. नोड काढून त्या जागी स्पॅन बसवला तर मात्र खेळ संपला. रिअ‍ॅक्टने तो नोड स्वतःकडे धरून ठेवलेला असतो, पुढच्या वेळी तो काढायला जातो आणि ‘काढायचा नोड या नोडचं मूल नाही’ अशी नॉटफाउंडएरर येऊन अख्खा भाग पांढरा पडतो. पानाचं भाषांतर करणाऱ्या सोयी मजकुराभोवती फॉण्ट टॅग गुंडाळतात तेव्हा हीच चूक दिसते.

याच कारणाने नॉर्मलाइझ() ही बोलवू नका. ते शेजारशेजारचे नोड जोडून एक करतं, आणि रिअ‍ॅक्टने ‘५’ आणि ‘ प्रतिक्रिया’ हे मुद्दाम दोन नोड ठेवलेले असतात.

दुसरं म्हणजे, फक्त डेटा बदलायचा असेल तर ट्रीवॉकर चालू असतानाच बदला, झाड हलत नाही. गुंडाळायचं असेल तर आधी सगळे नोड अ‍ॅरेत जमा करा, मग बदला. चालता चालता सध्याचा नोड झाडातून काढला की ट्रीवॉकर त्या तुटलेल्या नोडवरच उभा राहतो आणि पुढचा नेक्स्टनोड नल देतो. ‘पहिलाच शब्द बदलतो आणि पुढे काही होत नाही’ अशी तक्रार आली की नव्वद टक्के हेच.

काना_दोन

थोडं विषयांतर. मला आकडे नकोत, पानावर एखादा शब्द सापडला की रंगवायचाय. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी नाही. डोळ्यांना तर अगदी सारखाच दिसतो.

उकार_दीर्घ

@काना_दोन, हे आपल्या भाषेचं खास दुखणं आहे. अर्धा चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टंकला जातो. एक: नुक्तावाला ऱ, हलंत, य. दुसरी: साधा र, हलंत, झीरो-विड्थ-जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), य. दिसायला सारखे, आत वेगळे. स्ट्रिंगच्या नॉर्मलाइझ फंक्शनला (वरचं नोडांचं नॉर्मलाइझ वेगळं) एनएफसी हा प्रकार दिला तर र आणि सुटा नुक्ता जोडून ऱ होतो, पण जॉइनरवाला प्रकार तो ऱ मध्ये बदलत नाही. तो तुम्हालाच बदलावा लागेल: ‘र, हलंत, जॉइनर’ दिसला की ‘ऱ, हलंत’ धरा. शोधायचा शब्द आणि पानावरचा मजकूर, दोन्हींवर हेच करा.

फक्त लांबी बदलते हे विसरू नका. तीन चिन्हांची दोन झाली, म्हणजे सापडलेली जागा मूळ नोडमध्ये एक घर पुढे असू शकते. कुठल्या घराचं कुठलं घर झालं याची यादी ठेवूनच रेंज लावा.

आणि रंगवायला स्पॅन नको. सीएसएस कस्टम हायलाइट वापरा: रेंज बनवा, हायलाइटमध्ये घाला, सीएसएस.हायलाइट्समध्ये नावाने नोंदवा, रंग दोन कोलन-हायलाइट या सिलेक्टरने द्या. डॉमला स्पर्शच होत नाही, त्यामुळे सातवा_कंस यांनी सांगितलेलं रिअ‍ॅक्टचं संकटही टळतं. शब्दाचा अर्धा भाग ठळक असेल, म्हणजे तो दोन नोडांत विभागलेला असेल, तरी रेंज एका नोडमध्ये सुरू होऊन दुसऱ्यात संपू शकते.

काना_दोन

अगदी हेच होतं! जॉइनर. मनापासून धन्यवाद.

रफार

जुन्या फॉण्टांची पानंही इथेच आठवून ठेवा. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉण्टांत लिहिलेल्या पानांवर आतली चिन्हं रोमन असतात, देवनागरी फक्त दिसते. तिथे तुमचा २३५८ चा हिशोब लावला तर मजकुराचं वाटोळं होईल, कारण अंकाच्या जागी अंकच असेल याची खात्री नाही. मजकुरात २३०४ ते २४३१ मधलं चिन्ह आहे का असं पाहणं पुरेसं नाही, कारण तक्त्यातल्या इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या नुसत्या ‘तीनशे’च्या नोडमध्येही ते नसतं. गेटकॉम्प्युटेडस्टाइलला पेरेंटएलिमेंट देऊन फॉण्टफॅमिली तपासा, जुना फॉण्ट दिसला की सोडून द्या.

असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्यांना तर एकेक नोड सुटा घेऊन चालत नाही. या फॉण्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. वेलांटी एका नोडमध्ये आणि अक्षर पुढच्या ठळक टॅगमधल्या नोडमध्ये असं झालं की ती भलत्याच अक्षराला लागते. परिच्छेदातले नोड जोडून, बदलून, मग परत वाटून द्यावे लागतात.

तिरकी_मात्रा

आता पान उघडल्यावर सगळं ठीक होतं. पण खाली सरकवल्यावर जे नव्याने येतं त्यात इंग्रजी आकडे तसेच. म्यूटेशनऑब्झर्व्हर (पानातले बदल कळवणारी सोय) लावला, बॉडीवर, चाइल्डलिस्ट, सबट्री आणि कॅरॅक्टरडेटा तिन्ही खरे. अ‍ॅडेडनोड्समधला प्रत्येक नोड ट्रीवॉकरला मूळ म्हणून देतो. काही बदलतात, काही नाहीत. आणि पंखा जोरात फिरायला लागतो.

सातवा_कंस

तीन वेगवेगळ्या चुका एकत्र आल्यात.

अ‍ॅडेडनोड्समध्ये कधी कधी थेट टेक्स्ट नोडच येतो. ट्रीवॉकर स्वतःचं मूळ कधी परत करत नाही, त्याच्या आतलेच देतो. टेक्स्ट नोडच्या आत काहीच नसतं, म्हणून पहिल्याच नेक्स्टनोडला नल. नोडटाइप ३ असेल तर ट्रीवॉकर न वापरता सरळ बदला.

मूळ फिल्टरमधूनही जात नाही. म्हणजे नव्याने आलेला स्टाइल किंवा कोडचा एलिमेंट तुम्ही मूळ म्हणून दिला तर त्याला कुणी अडवत नाही, आतला मजकूर बदलतो. सुरुवातीलाच क्लोजेस्टने पाहा: हा स्वतः किंवा याचा कुणी पूर्वज नको त्या यादीत आहे का. टेक्स्ट नोडला क्लोजेस्ट नसतं, त्याच्या पेरेंटएलिमेंटला विचारा.

पंख्याचं कारण: तुम्ही केलेला बदलही ऑब्झर्व्हरला दिसतो. डेटाला तीच किंमत पुन्हा दिली तरी नोंद होते! अंक नसतानाही डेटा लिहीत असाल तर फंक्शन स्वतःलाच अखंड जागं करत राहणार. नवा मजकूर जुन्यापेक्षा वेगळा असेल तरच लिहा. मग एक फेरी जास्तीची होते आणि थांबते.

तिरकी_मात्रा

अगदी तिन्ही निघाल्या. आता शांत चालतंय. काही साइटींवरची तारखेची छोटी खोकी मात्र अजून तशीच आहेत.

रफार

शॅडो डॉम असणार, म्हणजे एलिमेंटच्या आत लपवलेलं वेगळं झाड. ट्रीवॉकर, एक्सपाथ, क्वेरीसिलेक्टरऑल, ऑब्झर्व्हर, यातलं काहीच शॅडोरूटच्या आत उतरत नाही. फिल्टरमध्ये एलिमेंट येतातच (५ दिलंय म्हणून), तिथे शॅडोरूट आहे का पाहा. असेल तर रांगेत टाका, मुख्य फेरी संपली की प्रत्येक शॅडोरूटवर नवा ट्रीवॉकर चालवा आणि नवा ऑब्झर्व्हरही लावा. क्लोज्ड पद्धतीने बनवलेला असेल तर शॅडोरूट नल येतो, साध्या पानातल्या स्क्रिप्टला तिथे वाट नाही.

आयफ्रेमची (पानात बसवलेलं दुसरं पान) काळजी नको. अ‍ॅट-नोफ्रेम्स लिहिलं नसेल आणि आतल्या पत्त्याला तुमचं अ‍ॅट-मॅच लागू पडत असेल तर टॅम्परमंकी तिथे स्क्रिप्ट स्वतंत्रपणे चालवतं. टेम्प्लेटच्या आतलंही सोडा, ते कंटेंट या वेगळ्या तुकड्यात असतं आणि पानावर आलं की ऑब्झर्व्हरला दिसतंच.

पायरीपायरीने

एक राहिलं: यादीचे क्रमांक. ओएलच्या आधीचे १, २, ३ हे टेक्स्ट नोड नाहीतच, ब्राउझर ते काढतो. ओएलची कॉम्प्युटेड लिस्ट-स्टाइल-टाइप डेसिमल असेल तर ती ‘देवनागरी’ करा, सीएसएसमध्ये हा प्रकार तयार आहे. आधी डेसिमल तपासा, नाहीतर मेन्यूसाठी वापरलेल्या यादीलाही क्रमांक फुटतील. प्लेसहोल्डर आणि ऑल्टमधले आकडे अ‍ॅट्रिब्यूट आहेत, ते वेगळे घ्यावे लागतील. बिफोरमधला सीएसएस मजकूर कुठल्याच फेरीत येणार नाही.

उकार_दीर्घ

आणि कुठे बदलायचं नाही हेही ठरवा. खरेदीच्या पानावर काही स्क्रिप्टा किंमत पानावरच्या मजकुरातूनच वाचतात. पार्सइंटला देवनागरी ३०० दिलं तर नॅन, म्हणजे ‘संख्या नाही’, मिळतं, जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला उलटी-तिरपी-डीदेखील फक्त इंग्रजी अंक ओळखतो. बेरीज बिघडते. बँक, तिकीट, खरेदी अशा साइटी अ‍ॅट-एक्स्क्लूडमध्ये टाकाच. आणि पेरेंटएलिमेंट.मॅचेसला लँग(एमआर) हा सिलेक्टर देऊन पाहा, म्हणजे पानातला इंग्रजी उतारा असेल तर त्यातले आकडे इंग्रजीच राहतील.

तिरकी_मात्रा

लँगची अट फार उपयोगी. ज्या मराठी साइटींनी लँग लिहिलेलंच नाही त्यांच्यासाठी पत्त्यांची वेगळी यादी ठेवली. शेवटचं: एका कळीसरशी आकडे पुन्हा इंग्रजी करायचे असतील, म्हणजे खाते क्रमांक वगैरे कॉपी करायला, तर? उलट २३५८ वजा केले तर पानावर मुळात देवनागरी असलेले आकडेही इंग्रजी होतात.

रफार

वजाबाकी नकोच. बदलताना वीकमॅपमध्ये नोंद ठेवा: किल्ली म्हणजे टेक्स्ट नोड, किंमत म्हणजे मूळ मजकूर आणि तुमचा बदललेला मजकूर. पान नोड टाकून देईल तेव्हा वीकमॅप त्याला अडकवून ठेवत नाही, मेमरी मोकळी होते. वीकमॅपवर लूप मात्र चालवता येत नाही, म्हणून परत फिरवताना ट्रीवॉकर नव्याने चालवा आणि प्रत्येक नोडची नोंद आहे का विचारा. या फेरीच्या फिल्टरमधली इंग्रजी अंकाची अट काढा, नाहीतर बदललेला एकही नोड मिळणार नाही. नोडचा आत्ताचा डेटा तुमच्या बदललेल्या मजकुराशी जुळला तरच मूळ परत लिहा. जुळला नाही तर मधल्या काळात पानाने तिथे नवं काही लिहिलंय, त्याला हात लावू नका. आणि हे करण्याआधी ऑब्झर्व्हर डिस्कनेक्ट करा, नाहीतर तो लगेच सगळं पुन्हा देवनागरी करून ठेवेल.